आठवड्यातला एक तास आम्हाला द्या: सोलापुरातल्या विज्ञान आणि संगणकाच्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात विज्ञान, गणित, संगणक शिकवणारे सर्व शिक्षक आणि प्राध्यापक यांस,

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

पूर्व भागात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर एक लाकडी बाक. पॅन कार्ड, शिष्यवृत्ती, विडी कामगार बायकांच्या पीएफचे कागद, मुलींच्या कॉलेजचे फॉर्म, दिवसभर हेच चालतं. सर्व्हर डाऊन असला की माणसं बाकावर टेकतात आणि टेकली की बोलतात. कुणीतरी मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचतं. चंद्रावर यान उतरलं, अमेरिकेत अमुक झालं, कॉम्प्युटर आता माणसासारखा बोलतो, तुर्कस्तानात भूकंप झाला. मग ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. त्या बोलण्याबद्दल मला तुम्हाला लिहायचं आहे, कारण ते तुमच्यापर्यंत पोचत नाही आणि पोचायला हवं.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा दुकानाच्या आत-बाहेर मिळून पंचवीसएक माणसं होती. स्क्रीन मी दाराकडं वळवून ठेवला होता. टाळ्या पडल्या, कुणी पळत जाऊन पेढे आणले. गर्दीच्या कडेला एक अक्का उभ्या होत्या. त्या विड्या वळतात. कारखान्यात माल देऊन, रिकामी पाटी काखेत घेऊन घराकडं निघाल्या होत्या, गर्दी बघून थांबल्या. त्यांनी मला विचारलं, "हे उन्हावर चालतंय म्हणाले ना टीव्हीत? मग तिथं रात्र झाल्यावर काय करणार?"

पोरं हसली. एक जण म्हणाला, "अक्का, रात्री झोपतंय ते." मीही हसलो. अक्का काही न बोलता निघून गेल्या.

सप्टेंबरच्या दोन तारखेला इस्रोनं प्रज्ञान रोव्हरला, म्हणजे विक्रममधून उतरलेल्या छोट्या गाडीला, झोपवल्याची बातमी आली. चार तारखेला विक्रमलाही झोपवलं. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच लांब. त्या रात्री थंडी उणे दीडशेच्याही खाली जाते, सौर पट्ट्यांवर ऊन नाही, बॅटरी गोठते. पुन्हा सूर्य उगवल्यावर २२ सप्टेंबरला दोघांनाही हाक मारून बघितली, उत्तर आलं नाही. यान उतरल्यावर पाच मिनिटांत चौथी शिकलेल्या एका बाईनं जे विचारलं, त्यावरच त्या यानाचं आयुष्य ठरलेलं होतं. आणि आम्ही तिला हसलो. ते हसणं मला अजून बोचतं. मी लगेच उत्तर देऊ शकलो असतो तर बरं झालं असतं. ते जमत नव्हतं, तर निदान "अक्का, प्रश्न बरोबर आहे, विचारून सांगतो" एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण विचारून सांगायचं तर विचारायचं कुणाला? इथूनच हे पत्र सुरू झालं.

त्यानंतर मी काउंटरवर एक वही ठेवली. बातमी ऐकून बाकावर जो प्रश्न निघेल तो मी त्यात लिहितो, बोलणाऱ्याच्याच शब्दांत. दुसरी वही निम्मी होत आली आहे. वाचत बसलं की एक गोष्ट लक्षात येते. पहिलं वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं, रागाचं असतं किंवा भीतीचं असतं. पण त्याच्या पोटात एक चांगला प्रश्न असतो. तो बाहेर काढायला थोडा धीर लागतो आणि विषय माहीत असलेलं माणूस जवळ बसलेलं लागतं.

त्याच मोहिमेतली दुसरी बातमी घ्या. विक्रमनं चंद्राच्या मातीत तापमान मोजायची एक सळई खुपसली होती. वर पन्नाशीच्या पुढं तापलेली माती आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १०. बाकावर कुणाचाच विश्वास बसेना. मशीन बिघडलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. तेवढ्यात मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी मामा, सातबाऱ्याची प्रत काढायला आले होते, ते म्हणाले, "आमचं धाब्याचं घर तसंच की. वर पाय ठेववत नाही अन् खाली माठातलं पाणी गार." धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. बाकावरचा वाद तिथं थांबला. माती उष्णता आत जाऊ देत नाही, आणि चंद्रावर तर मातीच्या कणांमध्ये हवाही नाही, म्हणून आणखीच नाही. मामांनी अर्धं सांगितलं होतं. हवेचा मुद्दा सांगायला तिथं तुमच्यापैकी एक जण हवा होता.

आता १९ जुलै २०२४ चा शुक्रवार. ह्या दिवसाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो.

सकाळी बातम्या यायला लागल्या की जगभर कॉम्प्युटरचे पडदे निळे पडलेत, विमानं थांबलीत, आपल्याकडंही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देतायत. बाकावर पाच मिनिटांत निकाल लागला. चीननं केलं. युद्धाची सुरुवात आहे. आता बँकेतले पैसे उडणार. एक ताई खरंच घरी जाऊन पासबुक घेऊन आल्या आणि बँकेकडं निघाल्या. मी दुकान सोडून त्यांना समजवायला गेलो, पण सांगणार काय? मलाच कळत नव्हतं.

बाकाच्या टोकाला जकार्डचे मामा बसले होते. सत्तरी कधीच ओलांडली आहे. उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यांसाठी कार्डं पाडण्यात गेलं. ते शांतपणे म्हणाले, "कार्ड चुकलं असणार. सगळ्या मागांवर एकाच टायमाला एकाच जागी खोट दिसली, तर माग उघडायचा नसतो. कार्ड बघायचं असतं."

तुम्हाला माहीतच असेल, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जकार्डच्या मागावर डोक्याशी पुठ्ठ्याच्या कार्डांची दोरीनं ओवलेली लांब माळ फिरत असते. एक कार्ड पुढं येतं आणि तारांच्या टोकांवर दाबलं जातं. जिथं भोक आहे तिथं तार आत शिरते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर जातात. जिथं भोक नाही तिथली तार मागं रेटली जाते आणि धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन धोटा पलीकडं जातो. मग पुढचं कार्ड. भोक आहे किंवा नाही, ह्या दोनच गोष्टींवर अख्खा मोर चादरीवर उतरतो. एक भोक चुकीच्या जागी पडलं, तर त्या माळेवर विणलेल्या प्रत्येक चादरीत त्याच जागी दोष येतो. माझे वडील मागावर होते. दोष दिसला की ते धाग्याला हात लावत नसत. माळ हातात घेऊन, एकेक कार्ड खिडकीच्या उजेडापुढं धरून, चुकीचं भोक सापडेपर्यंत बघत बसत. लहानपणी मी त्यांच्या मांडीशी बसून त्या भोकांतून येणारे उजेडाचे ठिपके मोजलेत.

मामांचं निदान बरोबर निघालं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीनं आपल्या प्रोग्रॅमसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली होती. आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. त्या फाइलला २१ माहित्या हव्या होत्या आणि प्रोग्रॅम तिला २०च देत होता. एकविसावी शोधायला तो नको त्या जागी गेला आणि कॉम्प्युटर जागच्या जागी कोसळला. पाठवण्याआधी तपासणाऱ्या यंत्रणेलाही हा फरक दिसला नव्हता. चुकीची फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागं घेतली, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशिनांत ती शिरली होती आणि बहुतेक ठिकाणी एकेका मशीनपाशी माणूस जाऊन ती हातानं काढावी लागली. कार्ड बदलायला सव्वा तास पुरला, पण विणून झालेला माल उसवायला कित्येक दिवस गेले. चीनचा हल्ला नव्हता, युद्ध नव्हतं, बँकेतले पैसेही कुठं गेले नाहीत.

हे सगळं मला इंग्रजीत वाचून, शब्द शोधून कळायला दोन आठवडे लागले. तोवर बाकावरचे लोक पुढच्या बातमीकडं गेले होते. "चीननं केलं" हे मात्र त्यांच्या डोक्यात तसंच राहिलं. मामांचं बरोबर होतं हे मी त्यांना घरी जाऊन सांगितलं. ते फक्त म्हणाले, "मग? मी काय येडं बोलत होतो का?"

सर, मॅडम, मामांचं बोलणं हा योगायोग नव्हता, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? जोसेफ जकार्डनं फ्रान्समधल्या लियोंला १८०४ च्या सुमारास कार्डांवर चालणारा हा माग उभा केला. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी तीच कार्डं वापरायचं ठरवलं. १८४३ मध्ये एडा लव्हलेस हिनं लिहिलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. १८९० ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलेरिथनं भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली आणि त्याच्याच धंद्यातून पुढं आयबीएम उभी राहिली. प्रोग्रॅम म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोराला शिकवायचं तर पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवायची गरजच नाही. ते त्याच्या गल्लीत दिवसरात्र खडखडतंय. आता बऱ्याच कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आहे, कार्डांच्या माळा भंगारात किलोवर चालल्या आहेत. माझ्या ओळखीतला एक मुलगा इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शिकतो, त्याचे आजोबा मागावर होते, आणि ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे हे त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

तुमच्यावर आरोप करायला मी बसलेलो नाही. पण एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी एक प्राध्यापक प्रबंधाच्या प्रती काढायला दुकानात आले होते. कुठल्या कॉलेजचे ते लिहीत नाही. बाकावर कृत्रिम बुद्धिमत्तेवरून जोरात बोलणं चाललं होतं. मी म्हणालो, "सर, दोन मिनिटं सांगा ना ह्यांना, हे कसं चालतं ते." त्यांनी हसून मान हलवली आणि म्हणाले, "डोक्यावरून जाईल हो त्यांच्या." बाकावरचे सगळे ऐकत होते. कुणी काही बोललं नाही. सर गेल्यावर बराच वेळ कुणी काहीच विचारलं नाही.

सांगितलं नाही की जागा रिकामी राहत नाही, हे मी घरातच भोगलं आहे. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. माझी भावजय सहा महिन्यांची गरोदर होती. आदल्या रात्री फोनवर मेसेजवर मेसेज: गरोदर बाईनं हलायचं नाही, सुरी-कात्री धरायची नाही, पाणी प्यायचं नाही. मीही तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. काळजीपोटी टाकला, पण टाकला. ती सकाळी आठ ते अकरा अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून, पाण्याच्या थेंबाशिवाय बसून होती. उठताना चक्कर येऊन पडली. सुदैवानं बाळाला काही झालं नाही. ग्रहण म्हणजे सूर्य आणि आपण यांच्या मध्ये चंद्र येतो, सावली पडते, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघायचं नाही, आणि पोटातल्या बाळाशी त्याचा काही संबंध नाही. एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी गावात ठिकठिकाणी ग्रहण बघायचे कार्यक्रम होते, पेपरात फोटो आले होते. आमच्या गल्लीत मात्र फक्त तो मेसेज आला.

विमानाचीही तीच गोष्ट. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं इथं ढगांत फवारणीचा मोठा प्रयोग केला. शहराच्या कडेला रडार बसवलं, विमानं फिरली. गावोगावच्या शेतकऱ्यांचं एकच म्हणणं: "विमान आलं की ढग पांगतंय. पाऊस पळवायलेत." बाकावर एका दादांनी रागानं सांगितलं होतं की आमच्या शिवारावरून विमान गेलं आणि भरून आलेलं आभाळ अर्ध्या तासात मोकळं झालं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी तसं बघितलं होतं. पण इथले उन्हाळी-पावसाळी ढग विमान नसलं तरी अर्ध्या तासात विरतात, आणि विमान जायचं तेही भरून आलेल्या ढगाकडंच. त्यामुळं दोन्ही गोष्टी एकत्र दिसणार. म्हणून तर त्या लोकांनी २७६ ढग निवडून काहींत फवारलं आणि काहींत मुद्दाम फवारलं नाही, आणि मग दोन्हींची तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: फवारलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला, शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. ढगच नसेल तर ह्यातून काही होत नाही, आणि ढग असला तरी कुठलाही चालत नाही. फवारायचे ते कॅल्शियम क्लोराईड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसं ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि थेंब मोठे होतात.

मिठाचं मी त्या दादांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "हां, असं सांगा की." आणि पुढं त्यांनी विचारलं, "मग ज्या ढगात नाही टाकलं त्याच्या खालच्या गावानं काय पाप केलं होतं?" हा प्रश्न वहीत आहे. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता येईल, आणि ते देणं सोपं नाही हेही मला कळतं. पण प्रयोग आमच्या डोक्यावर झाला आणि त्याचं वर्णन परदेशातल्या इंग्रजी नियतकालिकात छापलं गेलं. मधल्या पाच वर्षांत आमच्या गावात येऊन चार शब्द कुणी बोललं असतं, तर तो राग राहिला नसता.

जगाच्या बातम्यांचं म्हणाल तर सोलापूरला जग कधी लांब वाटलं नाही. इथला मुलगा, डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, चीनमध्ये युद्ध चाललंय ही बातमी ऐकून १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडं गेला आणि जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला. आजही तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या गठ्ठ्यांना हात लागत नाही. २०२३ च्या शेवटी येमेनमधून हल्ले सुरू झाले, जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली, दहा-पंधरा दिवस जास्त आणि भाडं वाढलेलं. गठ्ठे बांधणारा एक पोरगा मला म्हणाला, "दादा, येमेन कुठंय? त्याच्यामुळं माझी हजेरी निम्मी झाली म्हणतोय मालक." मी नकाशा उघडून दाखवला. त्यानं मुंबईपासून बोट ठेवून सुवेझपर्यंत नेलं, मग आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून वर आणलं, आणि स्क्रीनवरून बोट न उचलता म्हणाला, "एवढं?"

भूकंपाचं लिहायलाच हवं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला तेव्हा बाकावरची वयस्क माणसं गप्प झाली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथं सगळ्यांना आठवते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हललं आणि सोलापुरात आम्ही अंगणात, रस्त्यावर पळालो. नंतर कितीतरी रात्री लोक बाहेरच झोपायचे, कारण रोज कुणीतरी नवी तारीख सांगायचं. बाकावर त्या दिवशी एक जण म्हणाला, "तिकडं ७.८, आपल्याकडं ६.२. म्हणजे थोडंच जास्त." तो आकडा लिटर-किलोसारखा नसतो. एकेक अंक वर गेला की ऊर्जा साधारण ३२ पट होते, म्हणून हा फरक अडीचशे पटींच्या आसपासचा आहे. मग लगेच पुढचा प्रश्न आला: एवढा लहान होता, तर आपल्याकडं एवढी माणसं कशी मेली? कारण तो जमिनीखाली फार खोल नव्हता, माणसं झोपेत होती, आणि घरं दगड-मातीची, डोक्यावर जड धाब्याची होती. उन्हाळ्यात माठ गार ठेवणारं तेच धाबं. मंगळवेढ्याचे ते मामा त्या दिवशी असते तर त्यांनी पुढं काय विचारलं असतं ते मला माहीत आहे: मग घर बांधायचं तरी कसं? ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कॉलेजच्या सिव्हिल विभागात कुणाच्या तरी तोंडावर असेल.

आणि आता नवं संकट आलं आहे. मागच्या दिवाळीनंतर एक काका दुकानात आले. फोनवर नातवाचा आवाज आला, अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा, आईला सांगू नका. काकांनी पाठवले. नातू हॉस्टेलवर अभ्यास करत बसला होता. तक्रारीचा फॉर्म भरताना काकांनी मला पैशांबद्दल एकदाही विचारलं नाही. ते एवढंच विचारत राहिले, "पण आवाज त्याचाच होता. 'आबा' म्हणायची त्याची पद्धत तीच होती. असं कसं काय करतात?" काही सेकंदांचं रेकॉर्डिंग मिळालं तरी यंत्र आवाजाची नक्कल करू शकतं, म्हणून फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन करायचा आणि फसलो तर लगेच १९३० ह्या सायबर तक्रारीच्या नंबरवर कळवायचं, हे मी सांगितलं. पण माणसाचा आवाज यंत्रात शिरतो कसा, हे मला सांगता आलं नाही. ते कळल्याशिवाय काकांचं समाधान होणार नाही. नातवाचा फोन आला तरी ते आता घाबरतात.

म्हणून माझी विनंती.

आठवड्यातून एक तास आमच्याकडं या. विज्ञान दिनाची, २८ फेब्रुवारीची वाट बघू नका. त्या दिवशी तुमच्या कॉलेजात पोस्टर लागतात, शाल-श्रीफळ होतं, बाहेरचे पाहुणे येतात, आणि बाक तिथून दोन किलोमीटरवर तसाच राहतो. कारखान्यांना सुट्टी असते त्या संध्याकाळी या. पूर्व भागात वाचनालयं आहेत, समाजमंदिरं आहेत, शाळांचे व्हरांडे आहेत. जागा मी मिळवतो, दोन ठिकाणी बोलूनही ठेवलं आहे. बॅनर नको, प्रास्ताविक नको, भाषण तर नकोच. वही उघडायची आणि त्या आठवड्याचे तीन प्रश्न घ्यायचे, बस. मराठीत सांगा, तेलुगू, कन्नड, उर्दू येणारे तुमच्यात आहेतच, अडलं तिथं त्यांनी सांभाळून घ्यावं. जमलं तर हातात धरता येईल असं काहीतरी आणा, मिठाची बरणी चालेल, बॅटरी आणि चेंडू चालेल. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पुढच्या वेळी वाचून येतो" असं सगळ्यांसमोर म्हणा. आमच्या लोकांनी शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य फार कमी वेळा ऐकलं आहे. ते ऐकलं की आमचीही विचारायची भीड चेपेल.

पहिलं वाक्य चुकीचं आलं तर हसू नका, आणि हसणाऱ्याला गप्प करा. "चीननं केलं" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा की तुला असं का वाटलं. तो सांगेल. तिथून पुढं तुमचं काम सोपं आहे, असा माझा ह्या दोन वह्यांचा अनुभव आहे.

तुमच्यावर किती ओझं आहे ते मी बघतो. तुमचे निवडणुकीचे, सर्वेक्षणाचे, ऑनलाइन माहिती भरायचे कागद माझ्याच दुकानात छापले जातात. रात्री नऊला सुद्धा शिक्षक मंडळी शाळेचे आकडे भरायला येतात. म्हणून एकट्यादुकट्याकडं मागत नाही, सगळ्यांना लिहितो आहे. पन्नास जणांनी मनावर घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून एकच संध्याकाळ येते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं पाठवलीत तरी चालेल. त्यांना समोर बसलेल्या माणसाला समजावून सांगता येतं का, तेही कळेल.

पहिल्या संध्याकाळसाठी वहीतून तीन प्रश्न काढून ठेवलेत. न फवारलेल्या ढगाखालच्या गावाचा. काकांच्या नातवाच्या आवाजाचा. आणि तिसरा अक्कांचा. चांद्रयान-४ चंद्रावरची माती घेऊन येणार, ही बातमी ऐकून परवा त्या पुन्हा थांबल्या होत्या. ह्या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी विचारलं, "जातानाच एवढं मोठं रॉकेट लागतंय, मग तिकडून परत उडायला रॉकेट कोण लावणार?"

आपला नम्र,
एक झेरॉक्स दुकानदार,
पूर्व भाग, सोलापूर

ता. क. जकार्डच्या मामांकडं जुन्या कार्डांची एक माळ आणि कार्ड पाडायचा हातपंच अजून आहे. ते दोन्ही घेऊन येतो म्हणालेत. त्यांना दिवेलागणीनंतर नीट दिसत नाही, त्यामुळं त्यांचा दिवस असेल तेव्हा पाचलाच या.